खाचेत बसलेले कार्ड वाचले जातेच असे नाही

आमच्या सोसायटीच्या पुनर्विकासाची बोलणी गेली चार वर्षे चालू आहेत, आणि त्या निमित्ताने यंदा मार्च महिन्यात सचिवांना २००३ ते २००६ या काळातील सर्वसाधारण सभांची इतिवृत्ते एकाएकी हवी झाली. त्या वर्षांत समितीचे लिखाणकाम माझ्याकडे होते आणि सारी इतिवृत्ते मी माझ्या तेव्हाच्या लॅपटॉपवर टंकून ठेवली होती. तो लॅपटॉप अजून चालतो. त्यावर विंडोज एक्सपी आहे, त्याची बॅटरी केव्हाच निकामी झाली आहे आणि घरातील आजच्या वायफायशी त्याचे जुळत नाही. पण मराठी अक्षरजुळणीचे एक जुने सॉफ्टवेअर माझ्याकडे त्याच्याखेरीज दुसरीकडे चालत नसल्यामुळे मी तो मोडीत काढलेला नाही. फायली नेण्यासाठी तिसऱ्या मजल्यावरचा मुलगा आला. तो अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. त्याने नुकतेच घेतलेले ६४ जीबीचे मायक्रोएसडी कार्ड मोबाइलमधून काढले, खिशातल्या अडॅप्टरमध्ये सरकवले आणि लॅपटॉपच्या कडेला असलेल्या एसडी कार्डाच्या खाचेत घातले. कार्ड आत बसल्याचा बारीक आवाज झाला आणि त्यापुढे काहीच झाले नाही.

"अडॅप्टर गेलाय, काका," असे म्हणून तो निघून गेला आणि दुसऱ्या दिवशी तापकीर गल्लीतून, म्हणजे पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक सामानाच्या बाजारातून, आणखी दोन अडॅप्टर घेऊन आला. तेही खाचेत नीट बसले आणि त्यांचेही तेच झाले. मग त्याने लॅपटॉपची खाचच बिघडली असावी असे अनुमान काढले. वास्तविक अडॅप्टरही शाबूत होते आणि खाचही. एखादा जुना पेनड्राइव्ह शोधला असता तर काम पाच मिनिटांत झाले असते हे मला मान्य आहे, पण तोवर आम्हा दोघांनाही हट्ट पेटला होता, आणि मला तर हा विषय कोणी तरी विचारावा असे गेली वीस वर्षे वाटत होते.

अडॅप्टर म्हटले की आपण आकाराचाच विचार करतो. लहान वस्तू मोठ्या खाचेत बसावी म्हणून तिला घातलेला अंगरखा, एवढीच त्याची कल्पना आपल्या मनात असते आणि कार्ड खाचेत बसले की आपल्या मते काम संपते. कार्ड आणि यंत्र यांची जुळणी मात्र आकारापाशी संपत नाही. आकारानंतर विजेची आणि संदेशांची भाषा जुळावी लागते, आणि तीही जुळल्यावर कार्डावर फायली ज्या पद्धतीने मांडलेल्या असतात ती पद्धत यंत्रावरील प्रणालीला ठाऊक असावी लागते. यातली कोणती जुळणी फसली आहे हे ओळखले नाही, तर माणूस त्या मुलासारखा अडॅप्टरवर अडॅप्टर विकत घेत राहतो.

त्याला हे पटावे म्हणून मी त्याच्या तीन अडॅप्टरांपैकी एक ब्लेडने कडेकडेने उकलला. मायक्रोएसडी कार्ड १५ मिलिमीटर लांब, ११ रुंद आणि १ मिलिमीटर जाड असते; एसडी कार्डाची मापे ३२, २४ आणि २.१ मिलिमीटर. या दोहोंमधली पोकळी भरणाऱ्या त्या प्लास्टिकच्या दोन चकत्यांच्या आत धातूच्या आठ बारीक पट्ट्या होत्या आणि दुसरे काहीही नव्हते. ना चिप, ना तिचा एखादा सुटा भाग. मायक्रोएसडीला आठ संपर्कबिंदू असतात आणि एसडीला नऊ. नववा बिंदू जमिनीच्या जोडणीचा, म्हणजे ग्राउंडचा दुसरा बिंदू असतो, म्हणून आतली एकच पट्टी पुढे दोन ठिकाणी जोडून ती उणीव भरून काढलेली असते. याचा अर्थ असा की यंत्राच्या दृष्टीने हा अडॅप्टर अस्तित्वातच नसतो. यंत्र थेट कार्डाशीच बोलत असते आणि मध्ये आहेत त्या नुसत्या तारा. असा अडॅप्टर बिघडला तर एखादी पट्टी वाकून किंवा सैल होऊनच बिघडणार; त्याला काही समजत नसल्यामुळे त्याची समज चुकण्याचा प्रश्न येत नाही.

अडॅप्टरांची दुसरी जात वेगळी असते. तिच्या पोटात एक नियंत्रक चिप असते, जी कार्डाची भाषा ऐकून ती यंत्राच्या भाषेत सांगते. पहिल्या जातीला मी 'तारा' म्हणतो आणि दुसरीला 'दुभाषी'. बाहेरून पाहता दोन्ही जातींत फरक दिसत नाही, किमतीवरूनही नेहमी कळत नाही, आणि दुकानदार दोहोंनाही अडॅप्टरच म्हणतो.

हा फरक मला पहिल्यांदा कळला तो जॉर्नाडा ७२० या हातातल्या संगणकामुळे. एचपीने २००० साली बाजारात आणलेले हे यंत्र मी पुढे वापरलेले विकत घेतले, आणि पुणे-मुंबई प्रवासात मांडीवर ठेवून त्यावर टंकत असे. त्याला कॉम्पॅक्टफ्लॅश या मेमरी कार्डाची एक खाच होती आणि पीसी कार्डाची, म्हणजे लॅपटॉपांत बसणाऱ्या क्रेडिट कार्डाएवढ्या जोडकार्डाची, दुसरी. माझ्या त्या वेळच्या, म्हणजे या लॅपटॉपच्या आधीच्या, लॅपटॉपला एसडीची खाच नव्हतीच, पीसी कार्डाची मात्र होती. कॉम्पॅक्टफ्लॅश हे कार्ड सॅनडिस्कने १९९४ साली काढले तेव्हाच ते पीसी कार्डाच्या विद्युत्-नियमांत बसेल असे घडवलेले होते. फक्त पीसी कार्डाच्या ६८ पिनांऐवजी त्याला ५० पिना ठेवल्या होत्या. त्यामुळे कॉम्पॅक्टफ्लॅश पीसी कार्डाच्या खाचेत बसवणारा अडॅप्टर म्हणजे शुद्ध तारांचे काम होते. संध्याकाळी घरी आलो की जॉर्नाडामधले कार्ड काढून त्या पत्र्याच्या चौकटीत बसवायचे आणि लॅपटॉपमध्ये सरकवायचे. लॅपटॉपला ती एक लहानशी हार्ड डिस्क वाटे आणि वेगळे ड्रायव्हर सॉफ्टवेअर काही लागत नसे. पुढे लिनक्स ही संगणक प्रणाली वापरू लागलो तेव्हा हेच कार्ड तिथे 'एचडीई' अशा हार्ड डिस्कच्या थाटाच्या नावाने उभे राही, आणि यूएसबी रीडरमध्ये घातले की त्याचेच नाव 'एसडीए' होई. कार्ड एकच, पण मधला वाटाड्या बदलला की त्याची ओळखही बदलते, हे त्या दोन नावांनी मला शिकवले.

कॉम्पॅक्टफ्लॅशचे एक वैशिष्ट्य आजही उपयोगी पडते. कार्डाची स्वतःची नियंत्रक चिप त्याच्या पोटात असते आणि ते जुन्या आयडीई हार्ड डिस्कची भाषा जशीच्या तशी बोलू शकते. म्हणून जुन्या संगणकाची खडखडणारी डिस्क काढून तिच्या जागी कॉम्पॅक्टफ्लॅश बसवायचे असेल, तर तिथेही नुसत्या तारांचा स्वस्त अडॅप्टर पुरतो. याच्या उलट काम, म्हणजे जुन्या कॅमेऱ्याच्या कॉम्पॅक्टफ्लॅश खाचेत एसडी कार्ड बसवणे, दिसायला तितकेच सोपे वाटते. परंतु तिथे दोन वेगळ्या भाषा असल्याने दुभाषी लागतो, आणि त्या दुभाष्याला किती क्षमतेपर्यंतची कार्डे कळतात यावर सारे अवलंबून राहते.

स्मार्टमीडिया या कार्डाची कथा याहून विचित्र आहे. तोशिबाने १९९५ साली आणलेले हे कार्ड केवळ ०.७६ मिलिमीटर जाड होते, कारण त्यात नियंत्रक ठेवलेलाच नव्हता. आत नुसती स्मृती होती आणि हिशेब ठेवण्याची सारी जबाबदारी यंत्रावर टाकलेली होती. शिवाय त्याच्या ३.३ व्होल्टच्या आणि ५ व्होल्टच्या अशा दोन जाती होत्या आणि त्या ओळखण्यासाठी कोपरा वेगवेगळ्या बाजूला कापलेला असे. १२८ मेगाबाइटच्या पुढे ही जात गेली नाही. या कार्डासाठी फ्लॅशपाथ नावाचा जो अडॅप्टर निघाला होता तो माझ्या मते आजवरचा सर्वांत कल्पक अडॅप्टर आहे. तो हुबेहूब साडेतीन इंची फ्लॉपीच्या आकाराचा होता. त्यात स्मार्टमीडिया सरकवायचे, नाण्यासारख्या बारीक बॅटऱ्या घालायच्या आणि ती 'फ्लॉपी' संगणकाच्या फ्लॉपी ड्राइव्हमध्ये ढकलायची. ड्राइव्हचे वाचक डोके जिथे चुंबकीय तबकडी शोधायला जाते, तिथे हा अडॅप्टर कार्डावरची माहिती चुंबकीय स्पंदनांच्या रूपाने त्याच्यासमोर धरीत असे. त्यासाठी संगणकावर खास ड्रायव्हर बसवावा लागे आणि वेग अर्थातच फ्लॉपीचाच, म्हणजे सेकंदाला फार तर ६२ किलोबाइट. आठ मेगाबाइटचे कार्ड रिकामे करायला, सारे सुरळीत चालले तरी, दोन मिनिटांहून अधिक लागणार. पण ज्या काळी यूएसबी रीडर दुर्मिळ होते आणि फ्लॉपीची खाच मात्र प्रत्येक संगणकाला होती, त्या काळी यापेक्षा शहाणा तोडगा दुसरा कोणता असू शकला असता, हे मला अजून सुचलेले नाही.

भाषा तीच, आकार जुळणारा, आणि तरीही यंत्र गप्प, असा अनुभव मला नोकिया एन७० या फोनाने दिला. त्याला एसडीच्या पूर्वीच्या एमएमसी या कार्डाची अर्ध्या उंचीची आवृत्ती लागे, जिला आरएस-एमएमसी म्हणत. एका दुकानातून मी तसे कार्ड आणले. ते फोनात बसले आणि फोनाने कार्ड नसल्यासारखे वर्तन केले. फोनाला १.८ व्होल्टवर चालणारे, दुहेरी व्होल्टेजचे कार्ड हवे होते आणि मी आणलेले कार्ड एकाच, सुमारे ३ व्होल्टच्या जातीचे होते. आकारात दोहोंत फरक नव्हता. चूक माझीच होती, कारण पाकिटावर ते बारीक अक्षरांत लिहिलेले होते. संगणकाच्या रीडरमध्ये, खालच्या बाजूला प्लास्टिकचा जोडतुकडा लावून पूर्ण उंचीचे केल्यावर, तेच कार्ड विनातक्रार वाचले गेले. व्होल्टेजची ही तफावत नुसत्या तारांचा कोणताही अडॅप्टर मिटवू शकत नाही.

त्यानंतरच्या एन७३ ला मिनीएसडी लागे, आणि तोवर बाजारात मिनीएसडी मिळेनासे होऊ लागले होते. म्हणून फोनासाठी मायक्रोएसडीला मिनीएसडीचा अंगरखा, आणि संगणकाकडे नेताना त्याच मायक्रोएसडीला एसडीचा अंगरखा, अशी माझी दिनचर्या होती. त्या काळात गावोगावच्या मोबाइल दुकानांत कार्डात गाणी भरून देण्याचा धंदा जोरात होता. गिऱ्हाईक 'चिप', म्हणजे आपले कार्ड, काढून देई, आणि दुकानदार समोरच्या डब्यातून नेमका अडॅप्टर उचलून ती बहुमुखी रीडरमध्ये घाली. त्या दुकानदारांना फॅट३२ ही फायलींची मांडणी म्हणजे काय हे कोणी शिकवले नव्हते, पण कोणते कार्ड कोणत्या फोनात चालत नाही याचे ज्ञान त्यांच्याकडे माझ्याहून अधिक पक्के होते, आणि मी एन७० साठी कार्ड घ्यायला अशाच एखाद्या दुकानात गेलो असतो तर माझे पैसे वाचले असते.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. १९९९ साली जाहीर झालेल्या एसडी कार्डाच्या मूळ नियमांत कार्डावरील प्रत्येक बाइटला स्वतंत्र पत्ता दिलेला असे आणि तो पत्ता ३२ बिटांच्या आकड्यात मावावा लागे. ३२ बिटांत सुमारे ४२९ कोटी पत्ते मावतात, म्हणजे चार जीबी; प्रत्यक्षात प्रमाणित कार्डे दोन जीबीपाशी थांबली. कार्डे मोठी होऊ लागली तेव्हा २००६ मध्ये एसडीएचसी हा नवा नियम आला आणि त्याने पत्त्यांची रीतच बदलली. गावातल्या प्रत्येक माणसाला क्रमांक देण्याऐवजी प्रत्येक घराला क्रमांक द्यावा तसे, यापुढे ५१२ बाइटांच्या एकेका गठ्ठ्याला एक पत्ता मिळू लागला. त्याच ३२ बिटांत आता दोन टेराबाइट मावतात, आणि २००९ मध्ये आलेल्या एसडीएक्ससीची कमाल मर्यादा बरोबर तेवढीच आहे. आकार, पिना आणि खाच यांपैकी काहीही बदलले नाही, आणि घोटाळ्याचे मूळ नेमके हेच आहे. माझा लॅपटॉप २००३ चा. त्याच्या खाचेमागचा रीडर माणसे मोजणारा, आणि समोर आलेले कार्ड घरे मोजणारे. दोघांची प्राथमिक ओळखही होऊ शकत नाही, मग मध्ये तापकीर गल्लीतला अडॅप्टर असो की अस्सल कंपनीचा.

उलट दिशेने मात्र ही अडचण येत नाही. नवे रीडर जुन्या कार्डाला आधी विचारून त्याची रीत समजून घेतात, त्यामुळे जुने कार्ड नव्या यंत्रात बहुधा बिनबोभाट चालते. हे वाक्य लिहिताना मला पुढे काय झाले ते सांगायची घाई होते आहे, पण मधला टप्पा गाळणे धोक्याचे ठरेल.

तो टप्पा असा. लॅपटॉपची खाच बाजूला ठेवून आम्ही यूएसबीचा नवा कार्ड रीडर लावला. रीडर हा दुभाषीच असतो: कार्डाची रीत तो स्वतः सांभाळतो आणि संगणकाला नुसती यूएसबी डिस्क दाखवतो. त्यामुळे पत्त्यांची अडचण तत्काळ मिटली आणि एक्सपीने कार्डाची दखल घेतली. मात्र फायली दाखवण्याऐवजी त्याने विचारले की ड्राइव्हमधील डिस्क फॉरमॅट केलेली नाही, आता फॉरमॅट करायची का? मुलाचे बोट 'होय'कडे गेले होते. मी त्याचा हात धरला. कार्डावर त्याच्या बहिणीच्या साखरपुड्याचे फोटो होते. त्याच्या कार्डासारखी एसडीएक्ससी जातीची कार्डे कारखान्यातून एक्सफॅट या मांडणीत येतात, आणि एक्सपीला २००९ मध्ये आलेली एक वेगळी जोडणी बसवल्याखेरीज एक्सफॅट वाचता येत नाही. जे वाचता येत नाही ते कोरेच आहे असे ती प्रणाली गृहीत धरते. माझ्या समजुतीप्रमाणे मेमरी कार्डांवरील जितका मजकूर खराब अडॅप्टरांमुळे गेला असेल, त्याच्या कितीतरी पट या एका प्रश्नाला दिलेल्या होकारामुळे गेला असेल. हा प्रश्न पडद्यावर आला तर 'नाही' म्हणावे, कार्ड बाहेर काढावे आणि जिथे ते शेवटचे चालत होते त्या यंत्रात घालून पाहावे.

बिघाड कुठे आहे हे ओळखण्याची माझी रीत यातूनच ठरली आहे. कार्ड घातल्यावर विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये, किंवा लिनक्सवर कर्नलच्या, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याच्या, नोंदींमध्ये, काहीच उमटले नाही तर दोष संपर्काचा, व्होल्टेजचा किंवा पत्त्यांच्या रीतीचा असतो, आणि तेव्हाच अडॅप्टर किंवा रीडर बदलून पाहण्यात अर्थ असतो. कार्डाची क्षमता बरोबर दिसते आहे पण फायली उघडत नाहीत अशी स्थिती असेल, तर अडॅप्टरने आपले काम चोख केलेले आहे. दोष मांडणीत आहे, आणि अशा वेळी आणखी अडॅप्टर आणणे म्हणजे पुस्तक कानडीत आहे म्हणून चष्मा बदलण्यासारखे आहे.

मांडणीच्या अडचणींत सर्वांत दुःखद प्रकार अँड्रॉइड फोनांचा आहे. २०१५ च्या सहाव्या आवृत्तीपासून कार्डाला फोनाचाच अंतर्गत साठा म्हणून जोडून घेण्याची सोय आली. तसे केले की कार्डावरील सारे सांकेतिक कुलूपबंद होते आणि त्या कुलपाची किल्ली फोनातच राहते. माझ्या मामेबहिणीचा फोन पाण्यात पडून गेला तेव्हा तिने कार्ड तरी बचावले या समाधानाने ते मला दिले. कोणत्याही रीडरमध्ये ते बसत होते, त्याची पूर्ण क्षमता दिसत होती, आणि आत काय आहे हे जगातला कोणताही अडॅप्टर सांगू शकत नव्हता. आयफोनाचे आणखी वेगळे होते: २०१९ मधील तेराव्या आवृत्तीपर्यंत त्याला जोडलेल्या कार्ड रीडरमधून फक्त कॅमेऱ्याच्या ठराविक नावाच्या फोल्डरातील छायाचित्रे आणि चित्रफिती आत घेता येत, इतर फायली कार्डावर असूनही दिसत नसत.

अडॅप्टरच्या कडेला जी छोटी कळ असते तिच्याविषयीही सांगितले पाहिजे, कारण तिच्यामुळे अनेकांनी चांगली कार्डे टाकून दिलेली मी पाहिली आहेत. लिखाणबंदीची ही कळ म्हणजे नुसता प्लास्टिकचा तुकडा असतो. तिचा कार्डाशी कसलाही विद्युत्-संबंध नसतो. खाचेच्या आतला एक स्विच ती कळ कुठे आहे हे चाचपून पाहतो आणि त्याप्रमाणे वागायचे की नाही हे यंत्र ठरवते. कळ झिजून गळून पडली तर तिथली फट उघडी राहते आणि यंत्राला कार्ड कायमचे कुलूपबंद वाटते. त्या फटीवर चिकटपट्टीचा छोटा तुकडा लावला की कुलूप उघडते. मात्र पट्टी घट्ट आणि एकपदरी असावी. मी एकदा दुहेरी लावली आणि अडॅप्टर खाचेत असा अडकला की चिमटा घेऊन दुपार घालवावी लागली.

याच स्विचांच्या कुटुंबातला दुसरा एक स्विच खाचेत काही घातले आहे की नाही हे पाहतो, आणि बहुतेक यंत्रांत तो अडॅप्टरचे अंग चाचपतो, कार्डाचे नव्हे. म्हणून अडॅप्टर लॅपटॉपमध्येच ठेवून त्यातून फक्त मायक्रोएसडी उपसून काढण्याची जी सवय अनेकांना असते ती वाईट आहे. यंत्राला कार्ड गेल्याचे कळत नाही आणि जे लिहायचे राहिले असेल ते अर्धवट राहते. कार्ड आणि अडॅप्टर ही जोडी नेहमी एकत्र आत जावी आणि एकत्र बाहेर यावी. वेगाविषयी एवढेच सांगतो की यूएचएस-२ या अतिवेगवान जातीच्या कार्डांना पिनांची दुसरी रांग असते आणि नेहमीच्या अडॅप्टरमध्ये त्या रांगेच्या तारा नसतात, त्यामुळे महागडे कार्ड त्यातून साध्या कार्डाच्या चालीने चालते.

इतिवृत्तांचे काम शेवटी माझ्या पाम एम५०५ या जुन्या खिशातल्या संगणकामधल्या १२८ मेगाबाइटच्या एसडी कार्डाने केले. पाम कधीच बंद पडला आहे, पण त्याचे कार्ड मी डब्यात जपून ठेवले होते. ते लॅपटॉपच्या त्याच 'बिघडलेल्या' खाचेत घातले आणि क्षणात पडद्यावर उमटले: आत दोन दशकांपूर्वीचा पामचा फोल्डर, एक शब्दकोश आणि भरपूर मोकळी जागा. साऱ्या इतिवृत्तांना मिळून तीन मेगाबाइटही लागले नाहीत. मुलाच्या नव्या लॅपटॉपला एसडीची खाच नाही, केवळ टाइप-सीची तोंडे आहेत, म्हणून त्याच्याकडच्या टाइप-सी रीडरमध्ये ते कार्ड घातले, आणि फॅट१६ या जुन्या मांडणीतले ते कार्ड त्या नव्या यंत्राने काहीही न विचारता उघडले.

फायली उघडल्या तेव्हा मात्र 'ठराव सर्वानुमते मंजूर' या शब्दांच्या जागी रोमन अक्षरांच्या आणि चिन्हांच्या रांगा दिसल्या, कारण तो मजकूर युनिकोडपूर्व, म्हणजे अक्षरांचे सर्वमान्य संकेत रूढ होण्यापूर्वीच्या, मराठी फॉन्टात होता. मग मी पुन्हा जुन्या लॅपटॉपवर बसून प्रत्येक इतिवृत्ताची पीडीएफ केली, फॉन्ट तिच्या आतच समाविष्ट केला आणि पामच्या कार्डाने दुसरी फेरी मारली. सचिवांना छापील प्रती त्याच संध्याकाळी मिळाल्या.

तापकीर गल्लीतून आणलेले अडॅप्टर मुलाने माझ्याकडेच ठेवले. ते डब्याच्या ज्या कप्प्यावर मी 'नुसत्या तारा' अशी चिठ्ठी लावली आहे त्यात गेले; शेजारच्या कप्प्यावर 'दुभाषी' असे लिहिले आहे आणि त्यात सध्या चारच नग आहेत. ब्लेडने उकललेला तिसरा अडॅप्टर टेबलावरच असतो, कारण त्याच्या आतल्या आठ पट्ट्या दाखवल्याखेरीज मी आता कोणालाही अडॅप्टर उसना देत नाही.